श्री. अबक, तालुका हवेली

पुस्तकाच्या शेवटच्या पुठ्ठ्याला आतून
एक कागदी खोळ, खोळीत सीडी.
शंभर अर्जांचे नमुने. फक्त रिकाम्या जागा भरा.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलं,
चोरिसांच्या माळांपलीकडे, घासाघीस करून.

डिचोलीत मामलेदार कचेरीसमोर माझं टेबल,
वीज गेली की टिटवीसारखा ओरडणारा यूपीएस.
सीडीवर खाणीची तांबडी धूळ बसायची.
शर्टाच्या टोकानं पुसायचो, आतून बाहेर, सरळ.
गोल गोल नाही. पान आठवर तसं बजावलं होतं.

ड्राइव्ह घरघरला, आणि पडद्यावर तो आला:
अर्जदार श्री. अबक, वय ४५, धंदा शेती,
राहणार अमुक, तालुका हवेली, जिल्हा पुणे.
मला हा माणूस आवडला.
शंभर अर्जांत तोच. कधी भाडेकरू, कधी मालक, कधी मयत.
नमुना बारामध्ये त्याला कुणीतरी दत्तक घेतं,
त्रेसष्टमध्ये तो भावाकडे वाटणी मागतो,
भावाचं नाव कखग.

पण सातबारा आमच्याकडे नाही, एक-चौदाचा उतारा.
म्हणून एकेक नमुना उसवला,
मुंडकार घातला, कोमुनिदाद घातली, भाटकार घातला,
थोरल्या भावाचा शर्ट आपल्या मापाला आणावा तसा.
खांद्यात तो पुण्याचाच राहिला.

मयेहून शेवंती घाडी आली.
पिशवीत कागद, कागदांवर बिंबलं,
घरपट्टीच्या सगळ्या पावत्यांना आंबट वास.
घर नावावर करायचं होतं.
“जल्माच्या दाखल्यार म्हजें नांव वेगळें आसा, पूता.”
खरंच. पोर्तुगेज लेखनिकानं ते एक्सनं सुरू केलेलं,
शेवंतीचा श, त्याच्या कानानं.
चौकटीत दोन्ही लिहिली. चौकट पुरली नाही.
जमीनमालकाचा हल्लीचा पत्ता?
बोटीनं गेला म्हणाली. आई सांगायची.
शंभर नमुन्यांत कुठंच
बोटीनं गेलेल्यासाठी जागा नव्हती.

तेवढ्यात दोनदा वीज गेली.
कचेरी जेवायला उठायच्या आत छापलं, अंगठा घेतला.
वीस रुपये झाले. तिनं वर पाच ठेवले, चहाला.

अकरा दिवसांनी कारकुनानं हाक मारली,
कागद पंख्यासारखा हलवत.
“हें घर कोणाचें रे?”
पान तिसरं, खालून चौथी ओळ:
सदर घरात श्री. अबक हे पूर्वापार राहत आलेले असून
त्यांचा ताबा निर्वेध आहे.
त्याखाली तिचा जांभळा अंगठा.

म्हणजे अकरा दिवस तो तिच्याकडे होता.
तिच्या ओसरीवर टेकला, तिच्या बावीचं पाणी प्याला,
हवेली तालुक्यातून इतक्या लांब आलेला,
आडनाव नसलेला.

तिला बोलावून सांगितलं. वाटलं, चिडेल.
ती त्या ओळीकडं बघत राहिली,
वाचता येत नव्हतं तरी बोट फिरवलं तीन अक्षरांवर.
मग विचारलं, “बरो मनीस तो?”
“बरोच,” म्हटलं. “पंचेचाळीसचा. शेती करता.”
“मागीर रावूं दी,” म्हणाली, तोंडाला पदर लावून,
“हांव एकलीच आसां.”

कारकूनही हसला. मीही. ती सगळ्यांत उशिरा थांबली.

परत येऊन फाइल उघडली.
कर्सर त्याच्या पाठीमागे नेऊन ठेवला.
क. ब. अ. तीन ठोके.
तिचं नाव घातलं, दाखल्यावरचं आणि घरचं,
मध्ये ‘उर्फ’.
ते लांब निघालं. ओळ मोडून खाली गेली,
तिनं पुढची ओळ ढकलली, तिनं पुढची,
आणि अंगठ्याची जागा सरकत सरकत
चौथ्या पानावर जाऊन पडली,
जे पान नमुन्यात नव्हतं.